गिरजाबाईंची पाच मिनिटं

बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर तपासणीला आलेला यंत्राचा डबा सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती. फोन बेंचवर थरथरत होता, बाबांचं नाव दिसत होतं, आणि मी तो उचलला नाही. बंद झाला, पुन्हा वाजला. पाच मिनिटं पूर्ण झाली, त्यावर आणखी एक गेलं, मग मी मगभर पाणी डब्याखालच्या बादलीत ओतलं, पाटीवरचा लाल आकडा हलला तो कागदावर उतरवला, सही केली, आणि बाहेर जिन्यात येऊन फोन लावला. "बाई गेली," बाबा म्हणाले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसली ती उठलीच नाही... मग त्यांनी विचारलं, "दोनदा लावला, काऊन नाई उचलला बे?" "पाच मिनटं व्हायची होती, बाबा." पलीकडून नदीवरचा वारा ऐकू येत होता. "मंग बराबर हाय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता सहा आठवडे झाले. तालुक्याच्या साप्ताहिकात तीन ओळी आल्या, बाबांनी त्याचा फोटो पाठवला. 'निवृत्त लिपिक गिरजाबाई यांचे वृद्धापकाळाने निधन.' तेरवीच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं म्हणे, बाई हुशार होत्या, पण शेवटी शेवटी कायच्या काई कागद गोळा करून ठेवत. बाबा ताटावरून उठले. मी तिथं असतो तर मीही उठलो असतो, पण नुसता उठलो नसतो. म्हणून हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, नववीत शाळा सुटलेली आहे, शब्द कुठे अडला तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी ठणकावून सांगणार आणि कोणी हसलं तरी मागे घेणार नाही. आमच्या नदीकाठच्या, अर्ध्या कौलाच्या गावातल्या या बाईनं संगणकाच्या मुळाशी असलेला प्रोग्राम, जो जगभरच्या हजारो शिकल्यासवरल्या माणसांनी लिहिलेला आहे, तो धुंडाळून त्यातली एका ओळीची चूक शोधून काढली. आणि ती चूक ज्या बेंचवरून गेली होती, तो बेंच माझा होता.

आमचं गाव मार्कंड्याच्या खाली, वैनगंगेच्या काठावर. निम्मं गाव ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, आम्ही त्यातलेच. गिरजाबाईही आमच्यातल्याच, पण त्यांचे वडील कचेरीत दप्तरी लागले म्हणून त्या चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, वाढल्या, शिकल्या, आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल देणाऱ्या कारकून म्हणून सगळी नोकरी केली. जुन्या कागदाची नक्कल पाहिजे असली की माणूस अर्ज करतो, तो कागद कापडात बांधलेल्या हजारो बस्त्यांतून शोधून, हातानं उतरवून, शिक्का मारून द्यायचा, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गावात परत आल्या आणि घाटाकडच्या घरात एकट्या राहिल्या. उंच, काळ्या, आवाज पुरुषासारखा. कोणी घरी आलं की चहाच्या आधी विचारत, "कागद काय हाय तुझ्यापाशी?"

मी नववीला दोनदा बसलो आणि मग बसायचंच सोडलं, तेव्हा गावातल्या प्रत्येकानं बाबांना काहीतरी ऐकवलं. बाई तेव्हा नोकरीत होत्या. एका रविवारी गावात आल्या, मला ओट्यावर बोलावलं आणि कोरा कागद पुढे केला. "लिव्ह. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज." मी म्हटलं, बाई, सोडली त्याचा कागद कायले पाहिजे? "सोडली त्याचाबी कागद असावा लागते, सुध्या. नाई तं लोक म्हनतीन तू कधी गेलाच नाई." त्याच दाखल्यावर पुढे मला बंगळुरात एका कारखान्यात काम मिळालं. आधी खोकी भरायला, मग हात स्थिर आहे म्हणून तपासणीच्या बेंचवर. बारा वर्षं झाली. अजूनही मोठ्या साहेबांनी नाव घेतलं की वाटतं आज सांगणार, जा आता. खोलीचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो. हा माझा स्वभाव आहे, तो बाईंनी ओळखला होता, आणि त्याच स्वभावाचा मला त्यांनी पुढे उपयोग करायला लावला.

बाई कागद कशा शोधत, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या सांगत ती त्यांच्या वडिलांची गोष्ट आहे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली ती वर्षं, पन्नासच्या दशकातली. बाई तेव्हा मांडीवर होत्या. तलाव सरकारजमा झाले आणि एका गावच्या ढिवरांना कोणीतरी म्हणालं, तुमचा मासे धरण्याचा हक्क कुठं लिहिलाय ते दाखवा. कचेरीत त्या गावाचा बस्ता तीन दिवस उलगडला, ओळ सापडेना. बाईंचे वडील बस्ते वाहणारे, त्यांना अक्षर येत नव्हतं. चौथ्या दिवशी ते दुसऱ्याच गावाचा बस्ता खांद्यावर घेऊन आले. कारकून चिडला, हा कोणी मागवला? ते म्हणाले, "साहेब, तो बस्ता मागतला का दुसऱ्या दिवशी हा मागतेत, दर वेळी. मी दोन्ही वाहतो ना, मले ठाऊक हाय." त्या शेजारच्या गावाच्या शिवारातलं पाणी त्या तलावात उतरत होतं, आणि ढिवरांची ओळ शेजाऱ्याच्या कागदात निघाली. बाई म्हणत, "ज्याचा कागद भेटत नाई, त्याच्या शेजाऱ्याचा उघड." मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती कधी माझ्या कामाची होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मग तो डबा आला. आमच्या कंपनीनं नदीची पातळी मोजणारं यंत्र बनवलं. खांबावर एक डबा, त्याखाली पाण्याकडे तोंड केलेला सेन्सर, आणि घाटावर लाल आकड्यांची पाटी, म्हणजे वरून पाणी सुटलं की खालच्या गावाला आधी कळावं. चाचणीसाठी एखादं नदीकाठचं गाव हवं होतं. साहेबांनी सहज विचारलं, आणि मी, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणालो, सर, माझं गाव आहे. काय फुगलो होतो मी त्या दिवशी... डबा मीच तपासला. बादलीवर टांगला, सुरू केला, दोन मिनिटांत एक मग पाणी ओतलं, आकडा वाढला, हिरवं लेबल चिकटवलं. खोक्यात माहितीपत्रकासोबत एक छोटी छापील चिठ्ठी असते, तीही घडी करून टाकली. दोन वर्षं मी तशा चिठ्ठ्या घड्या करून टाकत होतो, एकदाही वाचली नव्हती. गावात डब्याची राखण बाबांकडे आली. बाबांचं नाव डोमा, साठ वर्षं नदीवर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवलेला माणूस. पंचायतीनं त्यांना एक रजिस्टर दिलं, डब्याखाली दोरीनं बांधलेलं. बाबा अंगठा उठवत आणि बाजूला गिरजाबाई आकडा लिहीत.

पहिल्याच आठवड्यात बाबांच्या लक्षात आलं की डबा झोपतो. बंद पडत नाही, झोपतो. पाणी हातभर वाढलं तरी पाटीवर तोच आकडा. वायर काढून पुन्हा लावली की जागा होतो, खरा आकडा सांगतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा झोपतो. मग बाबा दर वेळी आकडा घ्यायच्या आधी वायर काढून लावू लागले. गावातली पोरं म्हणत, "डोमाबाबा, डब्याले च्या पाजला का?" त्या पावसाळ्यात एका दुपारी पाणी भराभर चढलं. बाबा पलीकडच्या तीरावर होते, डब्याला उठवायला कोणी नव्हतं, पाटीवर सकाळचाच आकडा. पाटी बघून खाली उतरलेली माणसं बाबांनी पलीकडून बोंबलून वर पळवली. माणूस कोणी गेला नाही. दोन डोंगे गेले, जाळी गेली. चौकशीला कंपनीचे लोक आले. डबा आपली सगळी हकिगत आत लिहून ठेवतो, त्यात निघालं की वायर दिवसातून दहा-दहा वेळा उपटली गेली आहे. त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "झोपलेल्याले उठवत होतो, साहेब." ते हसले, आणि त्याच रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहून गेले की राखणदारानं छेडछाड केल्यामुळे यंत्र बिघडलं, महिन्या-दोन महिन्यांत यंत्र काढून नेण्यात येईल. बाईंनी ते वाचून दाखवलं. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून घाटावर जाणं सोडलं. ज्या माणसाच्या हाकेनं पंधरा माणसं वाचली, तो घराच्या मागच्या दारानं नदीवर जायला लागला...

मला हे फोनवर कळलं. मी काय केलं? कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि झोपलो. मला वाटलं, बाबांनीच काहीतरी केलं असेल. लेबल तर मी हिरवं लावलं होतं.

गिरजाबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी कोणताही कागद कधी टाकला नव्हता, खोक्यातली माझी चिठ्ठी तर नाहीच. शब्दकोश घेऊन त्यांनी ती वाचली. त्यात लिहिलं होतं की या यंत्रात जो मूळ प्रोग्राम आहे, ज्याला कर्नल म्हणतात, तो सर्वांसाठी खुला आहे, आणि ज्याच्याकडे हे यंत्र आहे त्यानं मागितल्यास त्याचा सगळा लिखित मजकूर देण्यास आम्ही बांधील आहोत. कर्नल म्हणजे यंत्रातल्या बाकी सगळ्या कामांच्या खाली असलेला पाया. घड्याळ, स्मृती, सेन्सर, सगळं त्याच्यातून चालतं. बाईंना बाकी काही कळलं नाही, पण 'मागितल्यास देण्यास बांधील' हे शब्द त्यांच्या रोजच्या भाकरीतले होते. त्यांनी अर्ज लिहिला. 'अर्जदार डोमा यांच्या ताब्यातील यंत्राच्या मूळ दस्तऐवजाची संपूर्ण नक्कल मिळावी.' वर मराठी, खाली इंग्रजी, आणि रजिस्टर पोस्टानं बंगळूरला.

तो अर्ज आमच्या ऑफिसात हातोहात फिरला. खाली निळ्या शाईचा अंगठा, बाजूला बाईंची सही. लोक हसून हसून बेजार झाले. कोळ्याला कर्नल वाचायचा आहे म्हणे! मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "हे तुझ्याच गावाचं ना? कोण आहे ही बाई?" ते अक्षर मी माझ्या दाखल्याच्या अर्जावर पाहिलेलं होतं. आणि मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

गावात हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलं होतं. आज सगळ्यांना सांगतो आहे.

बाईंनी दुसरा अर्ज पाठवला, मग तिसरा, त्यावर 'स्मरणपत्र क्रमांक दोन' असं लाल शाईनं. शेवटी कटकट नको म्हणून असेल, कोणीतरी एक पेन ड्राइव्ह पाकिटात घालून पाठवून दिला. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. "सुध्या, नक्कल आली. पण हे तं चांद्याची अख्खी रेकॉर्ड रूम हाय रे बापा! शोधाचं कसं ते सांग." कचेरीतले कागद संगणकावर चढले तेव्हा त्या यंत्र शिकल्या होत्या, घरी भाच्यानं दिलेला जुना लॅपटॉप होता. मला कोड लिहिता येत नाही, आजही फारसं येत नाही. पण बेंचवर राहून एक आज्ञा येत होती, ग्रेप नावाची. एखादा शब्द दिला की ती सगळ्या फायली चाळून तो जिथं जिथं असेल त्या ओळी समोर टाकते. ती मी त्यांना अक्षर-अक्षर सांगितली. मग पुढचे चार-पाच रविवार, दुपारची जेवणं झाली की, त्या तिकडे ओट्यावर लॅपटॉप घेऊन आणि मी इकडे खोलीत कानाला फोन लावून.

पहिल्यांदा त्यांनी साहजिकच पाण्याचा इंग्रजी शब्द घातला. ओळींचा लोंढा सुरू झाला, थांबेचना. कर्नलमध्ये स्मृती किती भरली हे सांगायच्या खुणांना वॉटरमार्क म्हणतात, त्यात पाणी हा शब्द येतो, हे मलाही तेव्हाच कळलं. बाई म्हणाल्या, "इथी तं पानीच पानी हाय, पन आपल्या नदीचं एकबी नाई." मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सुरू केलं. भाच्याला खांबावर चढवून सेन्सरवर छापलेलं नाव लिहून आणवलं आणि ते शोधलं. तीनच जागा निघाल्या. एक यादीत, एक जोडणीच्या पत्रकात, आणि एक फाइल, जिच्यात तो सेन्सर कसा वाचायचा ते लिहिलं होतं. "यादी, अनुक्रमणिका अन् मिसल," बाई फायलीला कचेरीतला शब्द वापरून खुशीत म्हणाल्या. "बाकी दुनियेचं हाय, ही एक मिसल तुमच्या कंपनीनं घुसवलेली हाय." आता ती वाचायची होती. बाईंना ती भाषा येत नव्हती, मला निम्मी. दोन रविवार आम्ही तिच्यात नुसते चाचपडलो. मी म्हणालो, "बाई, सोडा. शिकलेल्या लोकांनी लिहिलंय." त्या एवढंच म्हणाल्या, "शिकलेल्यायच्याच तं चुका शोधत होती मी जनमभर. न शिकलेला लिवतेच कुठी?"

तिसऱ्या रविवारी त्यांनी शेजाऱ्याचा बस्ता उघडला. त्याच कप्प्यात दुसऱ्या सेन्सरांच्या फायली होत्या, जगातल्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या. बाईंनी त्यातल्या दहा छापून आणल्या, आमची एक, आणि ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण कोणतं कलम कुठं यायला पाहिजे हे डोळ्याला कळत होतं. "सुध्या, आयक. आकडा जुना झाला का नाई हे पाहाची जागा सगळ्यायमंधी हाय. दहाच्या दहा मिसलीत तिथी एक शब्द हाय, टाइम आफ्टर. आपल्याच मिसलीत तो नाई, नुसती मोठं-लहानाची निशानी हाय. काऊन?" मला माहीत नव्हतं. "मंग तो शब्द जलमला कुठी, ते पाहू," त्या म्हणाल्या. वापरलेल्या जागा हजारो होत्या. त्या सोडून, तो बनवला आहे ती एकच जागा शोधायची, हेही त्यांनीच ठरवलं. सापडली ती वेळेच्या हिशोबाची फाइल. तिथं एका लिहिणाऱ्यानं शेरा मारून ठेवला होता. तो बाईंनी कोश घेऊन तासभर लावून वाचला, आणि फोनवर त्यांचा आवाज बदलला...

गोष्ट अशी होती. यंत्र सुरू झालं की कर्नल क्षण मोजायला लागतो. त्या मोजणीला मर्यादा आहे. एसटीच्या मीटरवर नव्याण्णवांची रांग भरली की सगळी शून्यं येतात, तशी ती भरली की पुन्हा शून्यावर येते. कोणी आधीचा आकडा आणि आत्ताचा आकडा नुसता मोठा-लहान बघून ताडला, तर त्या वळणावर तो फसणार, कारण आत्ताचा आकडा एकदम लहान झालेला असतो. म्हणूनच बाकीचे तो खास शब्द वापरत होते. आणि ही चूक कित्येक दिवसांनी कुठंतरी लपून होऊ नये, लवकर उघडी पडावी, म्हणून कर्नलवाल्यांनी मोजणी शून्यापासून सुरूच केली नव्हती. मुद्दाम मर्यादेच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू केली होती. सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला वळण, आणि जो चुकला असेल तो तिथंच पकडला जाणार! आमचा डबा पाचव्या मिनिटाला पकडला जात होता, रोज. शेवटचं वाचन त्याला भविष्यातलं वाटायचं, म्हणून नवं घ्यायचाच नाही, तेच धरून बसायचा. वायर काढली की मोजणी पुन्हा सुरू, पुन्हा पाच मिनिटं खरी. बाबा बरोबर होते. ते झोपलेल्याला उठवत होते.

"केवढा मोठा मानूस असन रे हा," बाई त्या शेरा लिहिणाऱ्याबद्दल म्हणाल्या. "चूक पकडाले आपल्याच वहीच्या पहिल्या पानावर खड्डा करून ठेवला. आमच्या कचेरीत असा एकबी नाई भेटला मले." मग विचारलं, "तुमी कायच्यात तपासला होता डबा?" मी म्हणालो, बादलीत. "पानी कवा टाकलं?" "दुसऱ्या मिनिटाला." "अन् मंग?" मंग काही नाही. मंग हिरवं लेबल. "बादलीत नदी कुठून येईन रे," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, की साहेबांनी विचारलं होतं आणि मी ओळख दिली नव्हती. मग बाई म्हणाल्या, "मले समजलं होतं. दोन अर्जायले उत्तर नाई आलं तवाच समजलं, का आपला मानूस तिथी मुका होऊन राह्यला. ते जाऊ दे. डोमाभाऊ मागच्या दारानं जाते नदीवर, ते जाऊ देता येत नाई. डबा आठ दिवसांत काढतेत. मग उचलशील का नाई, तेवढं सांग." मी म्हणालो, कोणता मग? "पान्याचा रे, येड्या! सहाव्या मिनटाले टाकाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. हात स्थिर होता. म्हणालो, सर, सहा मिनिटं बेंचवर या. ते आले, आणखी चार जण मजा बघायला आले. मी नवाकोरा डबा बादलीवर टांगला, सुरू केला. दुसऱ्या मिनिटाला पाणी ओतलं, आकडा वाढला. "मग?" साहेब म्हणाले. मी म्हणालो, थांबा. पाच मिनिटं काय असतात हे त्या दिवशी कळलं. कोणी घड्याळ बघत होतं, कोणी हसू दाबत होतं. साहेब म्हणाले, "मला मीटिंग आहे," आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणालो, "नाही सर, थांबा." सहाव्या मिनिटाला मी मग ओतला. आकडा हलला नाही. दुसरा ओतला. बादली काठोकाठ भरली, पाणी बेंचवरून साहेबांच्या बुटावर आलं, आणि पाटीवर तोच लाल आकडा, जसाच्या तसा. मी खिशातून कागद काढला, त्यावर फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक होता, बाईंनी सांगितलेला. साहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं. "तू कर्नलचं कोड वाचतोस?" मी म्हणालो, "मी नाही सर. तो अर्ज पाठवला होता ना, त्या गिरजाबाईंनी वाचलं. मी ओळखतो त्यांना. आमच्या गावच्या आहेत. आणि खाली अंगठा आहे तो माझ्या बाबांचा."

कोणी हसलं नाही.

ओळ दुरुस्त झाली, डबा काढण्याचं रद्द झालं. दुरुस्तीखाली साहेबांचं नाव आहे, गिरजाबाईंचं कुठंच नाही. मला ते खुपतं, त्यांना कधी खुपलं नाही. त्यांना दुसरंच हवं होतं. नवीन प्रोग्राम भरायला माणूस गावात गेला, तेव्हा बाई घाटाच्या पायरीवर रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, आधी हे. ज्या पानावर छेडछाड लिहिली आहे, त्याच पानावर, त्याच ओळीखाली, राखणदाराचा दोष नव्हता असं लिहा, सही करा, मग खांबावर चढा. तो म्हणाला, बाई, मला तसा अधिकार नाही. "मंग फोन लावा ज्याले अधिकार हाय त्याले. मी बसली हाय." दुपार झाली, फोन झाले, आणि त्यानं लिहिलं. बाईंनी बाबांना बोलावणं पाठवलं आणि पुढच्या दारानं यायला सांगितलं. सगळ्या घाटासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. बाबांनी विचारलं, "झालं काय आता?" बाई म्हणाल्या, "नाई. नक्कल काढाची हाय." ती नक्कल अजून आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे.

त्यानंतर बाईंना ती सवय लागली. लाइन जाऊन आली की त्या घाटावर जाऊन बसत, हात मांडीवर, डोळे पाटीवर, पाच मिनिटं. आकडा पुढेही हलतो आहे हे पाहूनच उठत. लोकांना वाटे बाई जप करतात. घरचा टीव्ही लावला तरी पाच मिनिटं विश्वास ठेवत नसत. गेल्या वर्षी मी गावी गेलो होतो, तीच शेवटची भेट. नवा फोन त्यांना दाखवला. त्यांनी तो सुरू करून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बस जरा. याले त्याचं वळन पार करू दे." आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. खाली नदी चालली होती. मी म्हणालो, बाई, मला अजून भीती वाटते, कधी काढून टाकतील. "वाटू दे," त्या म्हणाल्या. "भ्यालेलाच मानूस तीनदा तपासते. ज्याले भ्या नाई वाटत त्यानंच तं ती ओळ लिवली."

बाईंच्या घरातले कागद रद्दीत निघाले तेव्हा बाबांनी एक बस्ता उचलून आणला. गावातला एक जण कामाला बंगळूरला येत होता, त्याच्या हाती पाठवला, वाळलेल्या झिंग्यांच्या पुडीसोबत. लाल कापड, कचेरीची गाठ, आत त्या अकरा छापील फायली. दहा शेजाऱ्यांच्या, एक आमची. चुकलेल्या ओळीशेजारी लाल शाईत बाईंची बारीक सही आणि 'तपासले'. तो बस्ता आता माझ्या बेंचच्या कप्प्यात आहे, सगळ्या खात्याला झिंग्यांचा वास येतो. गेल्या आठवड्यात साहेब नाक मुरडून म्हणाले, हे घरी का नेत नाहीस? मी म्हणालो, "नाही सर, हे इथलं रेकॉर्ड आहे."

आणि माझ्याकडे आता तीन नवी पोरं आहेत, तिघंही इंजिनिअर. पहिल्या दिवशी मी त्यांना डबा सुरू करून दिला आणि पाण्याचा मग त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यातला एक म्हणाला, दोन मिनिटांत कळतं की, थांबायचं कशाला? मी त्याला स्टुलावर बसवलं. पाचवं मिनिट गेलं. मग मी त्याच्या हातात भरलेला मग दिला आणि म्हणालो, "आता ओत."